लॅपटॉप घेताना कान देऊन ऐका

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून छापत आहोत.)



आज मी लॅपटॉपबद्दल बोलणार आहे. पण लगेच रेडिओचा कान पिळू नका. लॅपटॉप किती जीबीचा घ्यावा, पडदा केवढा असावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी बोलणार आहे ती त्याच्या आवाजाबद्दल. त्यावर गाणी वाजतात तो आवाज नव्हे. काम करता करता तो स्वतःच जी घुरघुर लावतो, ती.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला त्याला एक कारण घडलं, ते आधी सांगते.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोघीजणी एका वस्तीवर गेलो होतो. तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात असं कळलं होतं. जातं आता दळणाला कुणी वापरत नाही, पडवीच्या कोपऱ्यात पडून असतं. पण आजी म्हणाल्या, "खुंटा हातात असल्याबिगर ओवी येत न्हाई गं." मग सुनेनं जातं पुसून दिलं, मूठभर ज्वारी वैरली, आणि आजी बसल्या. मी माईक लॅपटॉपला जोडला आणि लॅपटॉप आपला शेजारच्या गोधडीवर ठेवून दिला. आजी दीड तास म्हणत होत्या. आईच्या ओव्या, भावाच्या, पंढरीच्या. मध्येच थांबून हसायच्या, पुन्हा सुरू करायच्या.

केंद्रावर येऊन ऐकलं आणि माझं तोंड उतरलं. जात्याची घरघर होती, ती हवीच होती. पण तिच्यावरून आणखी एक बारीक, सलग घूंऽऽ असा आवाज पहिल्या पाच मिनिटांनंतर जो सुरू झाला, तो शेवटपर्यंत. लॅपटॉपचा पंखा! वर एप्रिलचं पत्र्याचं छप्पर, खाली गोधडी. तो बिचारा गुदमरून जोरजोरात फिरत होता आणि आम्हां दोघींना तिथं बसून त्याचा पत्ताही नव्हता. आपला कान असा असतो की सलग आवाज तो थोड्या वेळानं सोडून देतो. माईक काही सोडत नाही.

आवाज काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ते रेकॉर्डिंग काढून पाहिलं. पंख्याचा आवाज गेला, पण आजी पाण्याखालून बोलल्यासारख्या वाटायला लागल्या. पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. आजी आनंदानं जात्यावर बसल्या, म्हणाल्याही. पण पहिल्या वेळच्या सात-आठ ओव्या काही केल्या आठवेनात. मी पहिल्या ओळी सांगून पाहिल्या. आजी म्हणाल्या, "ही मी म्हटली व्हती? मला नाय बाई ठाव."

त्या सात-आठ ओव्या आता त्या घुरघुरीसकटच आहेत आमच्याकडे.

पुढे बचत गटानं केंद्रासाठी नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुकानदारानं सगळ्यांत ताकदवान म्हणून एक यंत्र पुढे केलं. मी विचारलं, "याचा आवाज किती होतो?" तो म्हणाला, "एकदम मस्त, ताई, स्टिरिओ स्पीकर आहेत." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नाही. मग मी स्वतःच शोधायला लागले. जे समजलं ते तुम्हांला सांगते. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या, ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या, बाळ निजल्यावर शेजारीच बसून टायपिंगची कामं करणाऱ्या, एकाच खोलीत मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची झोप सांभाळणाऱ्या, सगळ्यांच्याच ते उपयोगी पडेल. आणि घरात कानाचं यंत्र वापरणारं कुणी असेल तर विशेष. ते यंत्र माणसाच्या बोलण्याबरोबर पंख्याची घुरघुरही मोठी करून ऐकवत असतं.

आवाज येतो कुठून

लॅपटॉपमध्ये आवाज करणाऱ्या मुख्य जागा तीन. पंखा, हार्ड डिस्क आणि विजेचे बारीक भाग.

पंख्यापासून सुरुवात करू. लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बोटाच्या नखाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो, आणि काम करताना तो तापतो. त्याची उष्णता वॅटमध्ये मोजतात, जसे आपण बल्बचे वॅट मोजतो. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब आठवा, बोट लावायची सोय नव्हती. भारी लॅपटॉपमध्ये जवळपास तेवढीच उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून निघते. ती बाहेर काढायला तांब्याची चपटी नळी असते. नळीत अगदी थोडं पाण्यासारखं द्रव असतं. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा थेंब होते. भाताच्या पातेल्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच. त्या दुसऱ्या टोकाला पातळ पट्ट्यांची जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून हवा फुंकतो. म्हणजे उष्णता जितकी जास्त, तितका पंखा जोरात. पंखा हा रोग नाही, लक्षण आहे. रोग आहे तो उष्णतेचा.

आता पंख्याचं एक गणित सांगते, सगळं त्यावर अवलंबून आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने वाढतो. हे १५ डेसिबल म्हणजे किती, ते पुढे सांगते. तूर्त एवढंच ध्यानात ठेवा की वेग थोडा कमी झाला तरी आवाज पुष्कळ कमी होतो. म्हणूनच मोठा पंखा सावकाश फिरलेला बरा, छोटा पंखा भिंगरीसारखा फिरलेला वाईट. फार पातळ लॅपटॉपमध्ये पंखाही पातळ आणि छोटा बसवावा लागतो. दिसायला नाजूक, पण काम पडलं की त्याची शिट्टी होते.

दुसरी जागा हार्ड डिस्क. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये खरोखरीच तबकड्या असतात आणि त्या सतत फिरतात. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, काहींची ७२००. ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे, त्याचा खर्जातला हुंकार येत राहतो. शिवाय माहिती वाचणारा काटा या टोकाहून त्या टोकाला उड्या मारतो, त्याची कट्-कट् वेगळी. ही तबकड्यांची कल्पना जुनी आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीनं जी पहिली अशी डिस्क काढली तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, परातीएवढ्या! आणि एवढ्या सगळ्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आजींच्या आवाजाचं एक मिनिटही त्यात धड बसलं नसतं.

आता एसएसडी आली आहे. तिच्यात काहीच फिरत नाही. मोबाईलच्या मेमरी कार्डाचीच ती थोरली बहीण. फिरणारा भाग नाही म्हणून हुंकार नाही, कट्-कट् नाही, आणि लॅपटॉप हातातून आपटला तर तबकडीवर काटा घासायची भीतीही नाही. शिवाय वेगवान. तेव्हा या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे. नवा लॅपटॉप घेताना एसएसडीच घ्या. "हार्ड डिस्क मोठी देतो, १ टीबी," असं म्हणून कुणी तबकड्यांची डिस्क गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. जास्त साठवण हवी असेल तर बाहेरची डिस्क वेगळी घ्या आणि काम झालं की काढून कपाटात ठेवा.

तिसरी जागा फार कुणाला माहीत नसते. पंखा बंद, डिस्क नाही, तरी कान जवळ नेला की चिलटासारखा बारीक 'चीं' असा आवाज येतो. लॅपटॉपमध्ये आणि चार्जरमध्ये तारेची छोटी वेटोळी असतात. त्यांतून वीज भराभर कमी-जास्त होते तेव्हा ती किंचित थरथरतात, त्याचा हा आवाज. त्यानं यंत्र बिघडत नाही. पण एकाच मॉडेलच्या दोन नगांपैकी एकात तो असतो आणि एकात नसतो. म्हणून जो नग घरी न्यायचा, तोच उघडून ऐकायचा.

डेसिबलचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबल, समोरासमोर बसून बोलणं साधारण ६०. पण हा हिशेब किराण्याच्या हिशेबासारखा नाही. ६० म्हणजे ३० च्या दुप्पट नव्हे. दर १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे ३० चे ४० झाले की दुप्पट, ४० चे ५० झाले की चौपट. मघाशी सांगितलेले पंख्याचे १५ डेसिबल आता मोजा. दुपटीहून बरंच जास्त होतं की नाही?

आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ताकदीचे, खेळांसाठीचे लॅपटॉप पूर्ण जोर लावतात तेव्हा समोर बसलेल्याच्या कानाशी ५० डेसिबलच्या आसपास किंवा वर जाऊ शकतात. म्हणजे रात्रीच्या वस्तीला जेवढा आवाज चालत नाही, तेवढा एकटं यंत्र आपल्या पलंगावर बसून करतं. उलट एखादा शांत लॅपटॉप साध्या कामाला २५-३० च्या घरात राहतो आणि खोलीतल्या इतर आवाजांत हरवून जातो.

आकड्याइतकाच आवाजाचा पोतही महत्त्वाचा. सलग 'हूंऽ' असा वाऱ्यासारखा आवाज खपून जातो. शिट्टीसारखा एकसुरी आवाज तेवढ्याच डेसिबलचा असला तरी डोकं उठवतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दर मिनिटाला सुरू-बंद, सुरू-बंद करणारा पंखा. कान त्याची सवयच करू शकत नाही.

निवडताना काय पाहायचं

पहिली गोष्ट, प्रोसेसर किती वॅटचा आहे. खोक्यावर हा आकडा मोठ्या अक्षरांत नसतो, पण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावरून अंदाज येतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'यू' असतं ते साधारण १५ वॅटचे, आणि 'एच' असतं ते साधारण ४५ वॅटचे. एएमडी कंपनीतही 'यू' कमी उष्णतेचे आणि 'एच' जास्त उष्णतेचे. इंटेलचा एन-१०० नावाचा अगदी साधा प्रोसेसर तर ६ वॅटचा आहे. हे आकडे नेहमीच्या चालीचे. क्षणभर धाव घ्यायची वेळ आली की सगळेच त्याहून जास्त तापतात. पण तुलना करायला ते पुरेसे आहेत. पत्रं लिहिणं, हिशेब, शिकवणी, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि कापाकापी, याला 'यू' गटातला प्रोसेसर भरपूर झाला. 'एच' गट हा मोठे व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठी आणि खेळांसाठी. चार माणसांच्या घरात लग्नाच्या पंगतीचा हंडा कशाला चढवायचा?

दुसरी गोष्ट, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का. ते असलं की उष्णतेचा दुसरा चुलाच पेटला. चित्रपट संपादन किंवा खेळ यांसाठी ते हवं. बाकी आपल्याला नको, आणि पैसेही वाचतात.

तिसरी गोष्ट, पंखाच नसलेला लॅपटॉप. असे लॅपटॉप मिळतात, त्यांना फॅनलेस म्हणतात. ॲपलचा मॅकबुक एअर २०२० च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे कंपनीनं स्वतःची चिप बसवली तेव्हापासून, पंख्याशिवाय येतो. बरीच क्रोमबुकंही बिनपंख्याची असतात, आणि ६ वॅटवाल्या प्रोसेसरचे काही साधे लॅपटॉपसुद्धा. यात उष्णता धातूच्या अंगावर पसरते आणि तिथून हवेत जाते. अशा यंत्राचा आवाज जवळजवळ शून्य. मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये? कारण पंखा नसला तर फार तापल्यावर यंत्राकडे एकच उपाय उरतो, हळू चालणं. अर्धा-पाऊण तास जड काम दिलं की ते मंदावतं. साध्या कामात हे जाणवत नाही. व्हिडिओचं मोठं काम असेल तर जाणवतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. हे परदेशी जाहिरातींत कुणी सांगत नाही. समजा चिपला ९५ अंशांपर्यंत तापायची मुभा आहे. खोली २५ अंशांवर असेल तर हवेत आणि चिपमध्ये ७० अंशांचा फरक मिळतो आणि उष्णता झरझर निघते. खोली ४२ अंशांवर गेली की फरक उरतो ५३ चा. उष्णता तेवढीच, पण ती काढायला हवा जास्त लागणार, म्हणजे पंखा जास्त जोरात. म्हणून थंडीत शांत असलेला लॅपटॉप वैशाखात बोंब मारतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहिणींनी तर लॅपटॉप शक्यतो उन्हाळ्याच्या दिवसांतच ऐकून घ्यावा.

चौथी गोष्ट, हवा आत कुठून जाते ते उलटा करून पाहा. बहुतेक लॅपटॉपमध्ये भोकं पोटाला असतात. अशा यंत्राला मांडीवर, गादीवर, गोधडीवर घेतलं की त्याचं नाक दाबलं. भोकं बाजूला किंवा कळफलकाच्या वरच्या अंगाला असली तर बरं.

पाचवी गोष्ट, पंख्यावर ताबा आहे का. काही लॅपटॉपमध्ये कंपनीनंच 'शांत' अशी एक चाल दिलेली असते. ती लावली की यंत्र थोडं हळू चालतं, पण पंखा दबकून राहतो. काहींत हलक्या कामाला पंखा पूर्ण थांबतो. ही सोय आहे का, हे विचाराच.

आणि एक शेवटचं. काही मोठ्या कंपन्या आपल्या यंत्राचा आवाज ठरावीक आंतरराष्ट्रीय पद्धतीनं मोजून पर्यावरणविषयक माहितीपत्रकात छापतात. तिथं आकडा कधी 'बेल' या मापात असतो. एक बेल म्हणजे दहा डेसिबल, इतकं लक्षात ठेवलं की ३ बेल वाचून गोंधळ होत नाही. पण हा आकडा यंत्रातून एकूण किती आवाज निघतो त्याचा असतो, आपल्या कानाशी किती पोचतो त्याचा नव्हे. तेव्हा एका कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला तो वापरा, मोबाईलवर मोजलेल्या आकड्याशी ताडू नका.

दुकानात कसं ऐकायचं

दुकानात रस्त्याचा आवाज, एसीचा आवाज, चार गिऱ्हाइकं. तिथं कुठलाही लॅपटॉप शांतच वाटतो. म्हणून दुकान उघडतं त्या वेळेला जा, आणि दहा मिनिटं छताचा पंखा, एसी बंद ठेवायला सांगा. लाजू नका. साडी घेताना आपण चाळीस साड्या उलगडायला लावतो, इथं तर साडीच्या कितीतरी पट पैसे जाणार आहेत.

लॅपटॉप टेबलावर ठेवा. आधी नुसताच सुरू ठेवून ऐका. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'वर गेलं की प्रोसेसरचं नाव दिसतं आणि डिस्क एसएसडी आहे की एचडीडी तेही लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हे पक्कं. मग त्याला काम द्या. एक व्हिडिओ लावून आवाज बंद करा, आठ-दहा पानं उघडा, आणि व्हायरस शोधण्याची पूर्ण तपासणी सुरू करा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. पहिल्या दोन मिनिटांत कुणीही शांत असतं. आमच्या लॅपटॉपनं आजींपुढे पाच मिनिटं शहाण्यासारखी काढली होतीच की.

पंखा सुरू झाला की तो चढत-उतरत राहतो का, शिट्टी मारतो का, ते ऐका. मोबाईलचा रेकॉर्डर लॅपटॉपपासून हातभर अंतरावर ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा. दुसऱ्या लॅपटॉपचंही तसंच, तेवढ्याच अंतरावरून, त्याच मोबाईलवर. घरी येऊन इअरफोन लावून दोन्ही ऐका. मोबाईल आवाज आपल्या मनानं थोडा कमी-जास्त करतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, तुलनेवर जा.

त्या चिलटासारख्या आवाजासाठी चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा कान जवळ न्या. पडद्यावरचं लांब पान भराभर वर-खाली करा. कधी कधी नेमका तेव्हाच तो येतो. आणि बरोबर घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी न्या. वय वाढतं तसे अगदी बारीक, टिपेचे आवाज आपल्या कानाला येईनासे होतात. मला ऐकू न आलेला आवाज माझ्या पुतणीनं दुकानात पकडून दिला आणि तो नग आम्ही बदलून घेतला.

जुना लॅपटॉप विकत घेत असाल तर पंखा खडखडतो का ते पाहा. खडखड म्हणजे त्याचं बेअरिंग झिजलेलं. पंखा बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

हाताशी आहे त्याला गप्प करायचं असेल तर

सगळ्यांनाच नवा घेणं परवडणार नाही. जुन्यालाही बरंच गप्प करता येतं. आमच्या त्या गोधडीवरच्या लॅपटॉपचीच गोष्ट सांगते.

दुरुस्तीवाल्यानं उघडला तेव्हा जाळीवर धुळीची आणि कापसाच्या तंतूंची अक्षरशः वात जमली होती. ती काढली. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये एक लेप असतो, तो वाळून खडू झाला होता. तो नवा लावला. तबकड्यांची डिस्क काढून एसएसडी घातली. लॅपटॉप निम्म्याहून अधिक शांत झाला, आणि वेगवानही. हे काम माहीतगाराकडून करून घ्या. स्वतः हवा मारून धूळ काढणार असाल तर यंत्र बंद करा, आणि पंख्याचं पातं काडीनं अडवून ठेवा. नाहीतर हवेच्या झोतानं तो भलत्याच वेगानं फिरून बिघडतो.

फुकटचे उपायही आहेत. लॅपटॉप पाटावर ठेवा. होय, आपला जेवायचा लाकडी पाट. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची बुचं ठेवून तो किंचित उचला, पोटाखालून हवा खेळते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वीज वाचवण्याची चाल निवडा. तिथंच आणखी आत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असते, ती ९९ केली की प्रोसेसर ती क्षणभराची धाव घेत नाही आणि पुष्कळ कमी तापतो. हा पर्याय प्रत्येक लॅपटॉपमध्ये दिसत नाही, पण दिसला तर करून पाहा. आणि न लागणारी पानं बंद करा. वीस पानं उघडी ठेवणं म्हणजे वीस चुलींवर आधण ठेवण्यासारखंच.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

ज्या मैत्रिणी आपल्या केंद्रासाठी रेकॉर्डिंग आणतात त्यांच्यासाठी चार शब्द. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. लॅपटॉप माईकपासून अर्ध्या मीटरवर असेल तो दोन मीटरवर नेला, म्हणजे दोनदा दुप्पट, की १२ डेसिबल वाचले. खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून थोडे कमी वाचतील, पण वाचतील. त्यासाठी लांब वायर लागते. साधी यूएसबी वायर पाच मीटरपर्यंत चालते. माईक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. एकाच बाजूनं ऐकणारा माईक असेल तर त्याची पाठ लॅपटॉपकडे करा. चार्जर काढून बॅटरीवर चालवा, म्हणजे घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरणार नाही. आणि सुरुवातीला कुणीही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करून लगेच इअरफोन लावून ऐका. हे मी त्या दिवशी केलं नाही, म्हणून आज सांगते आहे.

दर पंधरा मिनिटांनी थांबून पुन्हा ऐका. आजींना दोन घोट चहा द्या तेवढ्यात.

आता तुम्ही विचाराल, शेवटी घेतला कोणता? बिनपंख्याचा भारी लॅपटॉप आमच्या गटाच्या पैशांत बसला नाही, आणि मे महिन्यात आमच्या केंद्राच्या खोलीत तो किती मंदावेल याचीही धास्ती होती. आम्ही 'यू' गटातल्या प्रोसेसरचा, एसएसडीवाला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, मध्यम जाडीचा लॅपटॉप घेतला. हलक्या कामाला त्याचा पंखा थांबतो. दुकानदारानं आधी दाखवलेल्या यंत्रापेक्षा तो बराच स्वस्त पडला. उरलेल्या पैशांत एक साधा माईक आणि पाच मीटरची वायर आली. जुना लॅपटॉप डागडुजी होऊन पाटावर बसून हिशेबाचं काम करतो.

परवा आम्ही दुसऱ्या गावी एका मावशींच्या ओव्या आणल्या. लॅपटॉप पडवीत, मावशी माजघरात, मध्ये वायर. घरी आल्यावर इअरफोन लावून ऐकलं. जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, ओवी संपल्यावर मावशींनी घेतलेला श्वास. त्याखेरीज काही नाही.

तुमच्या घरात, वस्तीवर अशी म्हणणारी कुणी असेल तर आम्हांला कळवा. आणि स्वतः रेकॉर्ड करणार असाल तर आधी दहा सेकंद गप्प बसून ऐका.